दारापलीकडचा दिवा

तिन्हीसांजा झाल्या, तुळशीपुढें निरांजन लागलें, मुलांची शुभंकरोति आटोपली, कीं घरांतील दिवेलागण पुरी झाली असें आपण समजतों. दाराबाहेरच्या वाटेवर दिवा कोणीं लावावयाचा, हा प्रश्न त्या वेळीं सहसा कोणास सुचत नाहीं. आम्हांसहि तो गेल्या पावसाळ्यापर्यंत सुचला नव्हता.

शहापूर तालुक्यांत, भातसानगराच्या बाजूस, एका नव्या वसाहतींत आमच्या एका वडीलधाऱ्या आप्तांनीं निवृत्तीनंतर घर घेतलें. त्यांच्याकडे जाण्यासाठीं आम्ही आसनगांव स्टेशनावर उतरलों तोंच अंधार पडला. वसाहतीच्या कमानीपासून पुढची वाट विजेरीच्या उजेडांत तुडवावी लागली. दुतर्फा खांब होते. दिवा मात्र एकाहि खांबावर जळत नव्हता. आप्तांची सून मुंबईहून, कामावरून, रात्रीं नवाच्या सुमारास परतते. तिला आणावयास मामंजी काठी आपटीत कमानीपर्यंत जातात. कारण मण्यार रात्रींच बाहेर पडते. "मला तिची काळजी, आणि तिला माझी," असें ते हसून म्हणाले. पण त्यांच्या मोतीबिंदूची आठवण होऊन आम्हांस हसूं आलें नाहीं.

तानसा आणि भातसा हे जलाशय याच तालुक्यांत. त्यांचें पाणी मुंबईच्या घरोघरीं जातें. भातसा धरणापाशीं १५ मेगावॅटचें वीजगृहहि आहे. त्या मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ सालींच गॅसचे दिवे लागले होते. दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच!

चौकशी केली तेव्हां उलगडा झाला. घरें विकणारा म्हणतो, 'खांब उभे करून दिले. विजेचें बिल रहिवाशांनीं भरावें.' गांवचे कारभारी म्हणतात, 'रस्ते आमच्या ताब्यांत आलेलेच नाहींत.' रहिवाशांची संस्था तर अद्याप स्थापन व्हावयाची आहे. तात्पर्य, खांबाला धनी आहे, दिव्याला नाहीं.

वास्तविक कायदा या बाबतींत मुका नाहीं. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ यानें रस्ते, पदपथ व गटारें यांच्याच पंक्तीला रस्त्यांवरील दिवे बसविले आहेत. तींहि अंतर्गत विकासाचीं कामेंच होत. रहिवाशांची संस्था कारभार हातीं घेईपर्यंत वाजवी आकार घेऊन आवश्यक सेवा चालूं ठेवण्याचा भार कलम ११ नें विकासकावर टाकला आहे. ताबा मिळाल्यापासून पांच वर्षांच्या आंत सेवांतील उणीव दाखवून दिल्यास तीस दिवसांत ती विनामूल्य दूर करावी, असें कलम १४ सांगतें. मात्र जमीन ५०० चौरस मीटरांहून अधिक नसेल, किंवा घरें आठांहून अधिक नसतील, तर प्रकल्पाच्या नोंदणीची सक्ति नाहीं. तेथें घेणाऱ्यानें दुप्पट जपावें.

आमचें म्हणणें इतकेंच, कीं नव्या वसाहतीस परवानगी देतांना नुसत्या खांबांची अट पुरेशी नाहीं. दिवे लागलेले पाहिल्यावांचून घरांचा ताबा देऊं नये, आणि रस्ते ग्रामपंचायतीकडे जाईपर्यंत बिल कोणाच्या नांवें येणार, हें लेखी असावें. दिवेहि झांकणाचे, उजेड खालीं पाडणारे हवेत. आभाळाकडे उधळलेला उजेड वाटसरूच्या उपयोगीं पडत नाहीं, आणि मृगाच्या आगेमागें चमकणाऱ्या काजव्यांचे परस्परांस होणारे संकेत मात्र त्यांत बुडून जातात.

वाचकांस एक विनंति. जागा पाहावयास आपण बहुधा सुटीच्या सकाळीं जातों. हवा, झाडें, डोंगर पाहून खूष होतों. एकदां दिवेलागणीनंतर जावें, घरांतील सुनेला वा लेकीला बरोबर न्यावें, आणि कमानीपासून दारापर्यंत चालून पाहावें. इसार त्यानंतर द्यावा.

आमच्या आप्तांनीं तूर्त आपल्या कुंपणावर, घरच्याच मीटरवरून, एक दिवा रस्त्याकडे तोंड करून लावला आहे. त्याचा उजेड तिसऱ्या घरापर्यंत पोंचतो. कमान अकराव्या घरापलीकडे आहे.