माझ्या स्केचबुकचा विषय: चप्पल

उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधी आमच्या आर्ट कॉलेजने एक काम दिलं. साठ पानांचं स्केचबुक भरायचं, विषय एकच ठेवायचा आणि तो ज्याचा त्याने निवडायचा. वर्गात एकेकजण विषय सांगू लागला. कुणी आजोबांचा वाडा, कुणी नदीचा घाट, कुणी आजीच्या देवघरातली भांडी. सर मान डोलावत होते. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "कोल्हापुरी चप्पल. आमच्या घरी बनते ती."

सर म्हणाले, "हे क्राफ्ट डॉक्युमेंटेशन झालं. फाइन आर्टमध्ये बसणार नाही. काहीतरी पर्सनल शोध."

आजोबांचा वाडा पर्सनल आणि माझ्या आईची आरी डॉक्युमेंटेशन! हा फरक चित्रकलेच्या कुठल्या नियमातून येतो?

नियमातून नाही, इतिहासातून येतो. मद्रासचं कलाविद्यालय १८५० चं, कलकत्त्याचं १८५४ चं, मुंबईचं जे. जे. १८५७ चं. ही विद्यालयं निघाली तेव्हा इथल्या कारागिरांचं कसब वाढवायचं, असं सांगितलं गेलं होतं. पुढे कारागीर मागे राहिला आणि पांढरपेशा घरातला कलावंत वर्गात बसला. हाताने वस्तू घडवतो तो कारागीर, त्याचं चित्र काढतो तो कलाकार, अशा दोन पंगती लागल्या. या पंगती आपल्या ओळखीच्या आहेत.

१९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी नंदलाल बोस यांनी गावातली कामकरी माणसं रंगवली. ती चित्रं आम्हाला आदराने शिकवतात, आणि ती सुंदरच आहेत. म्हणजे कष्टकरी माणूस चित्रात चालतो. तोच पेन्सिल हातात घेऊन वर्गात बसला की मात्र अडचण होते.

दुसरा सापळा याहून गोड आहे. एक मॅडम आपुलकीने म्हणाल्या, "जातीवरच कर ना. तुझं दुःख येऊ दे त्यात. ज्यूरीला भिडेल." वाडा काढणाऱ्या मुलाकडे कुणी दुःख मागितलं नव्हतं. त्याने भिंतीवरचं ऊन काढलं तरी चालणार होतं. माझं दुःख आहेच, पण ते कधी आणि कुणासमोर मांडायचं हे मी ठरवीन. मार्कांसाठी तर नाहीच.

सगळ्यात कठीण प्रश्न मात्र घरात विचारला गेला. निपाणीजवळच्या आमच्या घरी मी वही उघडून बसले तेव्हा आई म्हणाली, "ह्यातनं भाईर पडावं म्हणून तुला शिकीवलं, आन् तू फिरून हितंच येऊन बसलीस?"

सरांना माझ्याकडे उत्तर होतं. आईला लगेच देता आलं नाही. कारण तिचं बरोबर आहे. जन्माने गळ्यात पडलेला धंदा टाकून द्या, हे बाबासाहेबांनीच शिकवलं. मला चपलेचे गोडवे गायचे नाहीत, आणि माझ्या मुलीने रापी धरावी असंही मला वाटत नाही. पण धंदा सोडणं वेगळं आणि त्यातलं ज्ञान फुकट दुसऱ्याच्या हाती देणं वेगळं. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या. आधी श्रेय दिलं नव्हतं, बोंब झाल्यावर दिलं. महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांच्या या चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, तरी ही गत. चपलेचं नाव शेवटी आलं, पण वेणी घालणाऱ्या बाईचं नाव कुठेच नव्हतं.

म्हणून मी काढत बसले. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेल्या चामड्याचा रंग. कान, पट्टा, अंगठा. आईच्या एका वेणीला मला नऊ पानं लागली, कारण तिची बोटं माझ्या डोळ्यांपेक्षा जलद चालतात. प्रत्येक भागाचं नाव मी आमच्या घरच्या बोलीत लिहिलं. चौथ्या दिवशी आईने पान बघितलं आणि म्हणाली, "वादी उलटी काढलीयास." तिने चूक दुरुस्त करून घेतली. एवढ्या वर्षांत माझ्या चित्रातली इतकी नेमकी चूक कॉलेजात कुणी दाखवली नव्हती. पहिल्या पानावर आता दोन नावं आहेत, तिचं आधी.

तुमच्या घरातून तुम्ही पहिले कॉलेजात गेला असाल तर विषय निवडताना सभ्य दिसणारं काहीतरी शोधू नका आणि कुणाला हवं तसं रडूही नका. जे तुम्हाला वर्गातल्या कुणाहीपेक्षा नीट माहीत आहे ते घ्या. घरच्यांना विचारून घ्या, त्यांच्या चुका दाखवण्यावर रागावू नका, त्यांचं नाव लिहा. मार्क कमी पडले तर पडू देत. माझं स्केचबुक जुलैत टेबलावर जाईल, आणि ते फाइन आर्टमध्ये का बसत नाही हे सरांना कारणासकट सांगावं लागेल.