दारची जास्वंद

न्हावा शेव्याच्या परिसरात राहणाऱ्या वाचकांना खाडीवरचा खारा वारा आणि कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांची धूळ यांचा परिचय करून देण्याची गरज नाही. १९८९ मध्ये बंदर सुरू झाले. जेथे भातशेती आणि मिठागरे होती, तेथे आता अंगण म्हणजे पायरीलगतची दोन हात जागा, नाहीतर सदनिकेचा सज्जा. एवढ्याशा जागेत घरातील वडीलधाऱ्यांसाठी एकच फुलझाड लावायचे असेल, तर आपण जास्वंद लावावी.

‘कण्हेर का नको? ती तर खाऱ्या वाऱ्यातही तगते,’ असे कोणी म्हणेल. तगते, हे खरेच. रस्त्यांच्या दुभाजकांवर ती शोभतेही. पण कण्हेरीच्या आणि पिवळ्या बिट्टीच्या सर्वांगात हृदयाची गती बिघडवणारी विषद्रव्ये असतात. हृदयाच्या काही रुग्णांना दिल्या जाणाऱ्या डिजॉक्सिनशी त्यांचे साधर्म्य आहे; उकळल्याने वा वाळवल्याने ती नाहीशी होत नाहीत. घरात विस्मरणाचा आजार असलेल्या आजी किंवा रांगते नातवंड असेल, तर ही झाडे हाताच्या टप्प्यात नसावीत. पान वा बी पोटात गेल्याची शंका आली, तरी घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालय गाठावे व झाडाची डहाळी सोबत न्यावी.

जास्वंदीत ही धास्ती नाही. गावठी लाल, एकेरी पाकळ्यांची जात निवडावी. पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर फांदी पेऱ्याखाली तिरकी कापून, वरची दोन पाने ठेवून सावलीत लावावी. दीड-दोन महिन्यांत मुळे धरतात. पुढे तिला बारा इंची कुंडी पुरते. येथील जमीन पुष्कळ ठिकाणी खारवट असल्याने खालची माती उचलू नये. पोयटा माती, शेणखत आणि थोडी वाळू घ्यावी. कूपनलिकेचे मचूळ पाणी टाळावे आणि आठवड्यातून एकदा पाने गोड्या पाण्याने धुवावीत. मीठ आणि धूळ दोन्ही उतरतात.

कुंडी जमिनीवर मात्र ठेवू नये. खाली वाकले की अनेकांना भोवळ येते. कंबरेएवढा भक्कम कट्टा, पाच-सहा तासांचे ऊन आणि एक लिटरची हलकी झारी एवढी सोय केली, तर आजोबा आपले झाड आपणच सांभाळतात. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. डास होतात आणि सांडले तर पाय घसरतो. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसावा. थरथरत्या हातांनाही हे काम जमते.

फुले नव्या फुटव्यावर येतात, म्हणून गणेशोत्सव आटोपल्यावर शेंडे हलकेच छाटावेत. फूल सकाळी उमलते आणि बहुधा संध्याकाळपर्यंत मिटते. ते देवाला वाहावे की झाडावरच राहू द्यावे, हा वाद आमच्या घरी अजून मिटलेला नाही. पण आज किती उमलली, हे मोजायला मंडळी सकाळी खोलीबाहेर येतात.

रक्तदाबावर जास्वंदीचा चहा घ्यावा का, अशी विचारणा वारंवार होते. ज्या आंबट लाल चहाची चर्चा आपण ऐकता, तो लाल अंबाडीच्या बोंडांचा. दारच्या जास्वंदीचा नव्हे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर यांपैकी काहीही नेमाने घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नये.