पिल्लाचं केवायसी

मालवणला आमच्या मागीलदारी पिंजऱ्यात बजरीगर आहेत. बाजारात त्यांना ‘लव्हबर्ड’ म्हणतात. मूळ गाव ऑस्ट्रेलिया. मडकं टांगलं की अंडी. १८ दिवसांत पिल्लू, पाचेक आठवड्यांत ते मडक्याबाहेर! जागा पुरेना, म्हणून चार पिल्लं कुडाळच्या एका दुकानात दिली.

“कोणाकडे जाणार ही?” मी विचारलं.

“साहेबानू, गिराईकाचो पत्तो घेवन तुमी काय करतलास?”

मी गप्प बसून पैसे मोजले. कारकुनाची सवय, दोनदा मोजले.

आता बघा, आमच्या बँकेत कोणी पाचशे रुपयांचं खातं उघडायला आला, तर आम्ही फोटो, आधार, पॅन सगळं मागतो. पाचशे रुपयांना ना भूक, ना तहान! आणि जिवंत पिल्लू मात्र पुठ्ठ्याच्या खोक्यातून कोणाच्याही हाती? २०१८ च्या नियमांप्रमाणे अशा दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. तीसुद्धा मी विचारली नव्हती.

आम्ही हौशी लोक म्हणतो, ‘दुकानात दिलं, जबाबदारी संपली.’ साफ खोटं! दुकानदाराने पिल्लू विकलं; जन्माला आणलं आपण. घेणारा कोण, पिंजरा केवढा, दाणापाणी कोण बघणार, हे विचारायची लाज वाटत असेल, तर मडकं टांगूच नये.

रविवारी परत गेलो. दोन विकली गेली होती, कुठे ते ठाऊक नाही. उरलेली दोन मी दुप्पट भावाने सोडवून आणली.

आता घरूनच देतो, चौकशी करून. सौ. म्हणते, “अहो, पक्षी देताय की कर्ज?”

कर्ज बुडालं तर वसुली तरी करता येते.