पोलादाच्या वाहतुकीचा हिशेब

यंदाच्या परिसंवादासाठी राष्ट्रीय उद्योगधोरण हा विषय निवडला, तेव्हा दिवाळीच्या दिवसांत वाचावयास तो फार रूक्ष होईल, अशी शंका आमच्या काही जुन्या वाचकांनी बोलून दाखविली. परंतु लक्ष्मीपूजनाच्या आगेमागे लोकमान्य टिळक टर्मिनसवर आणि पुणे स्थानकावर, पाटणा, दानापूर, दरभंगा या दिशेच्या गाड्यांसाठी जो जनसमुदाय छठपूजेच्या ओढीने लोटतो, तो चाकण, भिवंडी, तळोजे येथील कारखान्यांत कसा आला, आणि ते कारखाने त्याच्याच मुलखात का उभे राहिले नाहीत, या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग ज्या सरकारी दस्तऐवजांत आहे, ते रूक्ष म्हणून बाजूस सारण्याचा अधिकार महाराष्ट्रातील सुशिक्षित माणसास नाही, असे आम्हांस वाटते.

उद्योगांच्या उभारणीत राज्यसंस्थेने हात घालावा ही कल्पना आपल्याकडे केवळ रशियाच्या अनुकरणाने आली, हा समज निराधार आहे. १८९० साली पुण्यात भरलेल्या औद्योगिक परिषदेत आणि पुढे १८९२ साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात न्यायमूर्ती रानडे यांनी, जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिख लिस्ट याच्या विचारांचा आधार घेऊन, बलिष्ठ राष्ट्रास मानवणारे खुल्या व्यापाराचे तत्त्व दुर्बल राष्ट्रास मानवेलच असे नाही, आणि उद्योगांसाठी भांडवलाची तजवीज करण्याचे कर्तव्य सरकारने टाळू नये, असे प्रतिपादन केले होते. १९४४ च्या ‘मुंबई योजने’त तर खुद्द उद्योगपतींनीच नियोजनाचा पुरस्कार केला. ६ एप्रिल १९४८ चा पहिला औद्योगिक धोरण ठराव, १९५१ चा उद्योग विकास व नियमन कायदा आणि ३० एप्रिल १९५६ चा दुसरा ठराव या क्रमाने ती कल्पना अंमलात आली. त्यातून निर्माण झालेल्या परवानापद्धतीवर आजवर विपुल लेखन झाले आहे. तिच्या गुणदोषांची उजळणी येथे करीत नाही. आमचे लक्ष आहे ते त्याच १९५६ सालच्या एका दुसऱ्या निर्णयाकडे, ज्याची चर्चा मराठीत फारच थोडी झाली, आणि ज्याचा लाभ मराठी मुलखास फार मोठा झाला.

तो निर्णय म्हणजे लोखंड व पोलाद यांच्या वाहतूक खर्चाचे समानीकरण. टाटानगर हे हावड्यापासून रेल्वेमार्गाने सुमारे अडीचशे किलोमीटरांवर आहे, तर मुंबईपासून सुमारे सतराशे. पोलाद हा जड माल. त्याचे भाडे साहजिकच अंतराबरोबर वाढावयाचे, आणि म्हणून यंत्रे, नट-बोल्ट, पंप, सायकली करणाऱ्या कारखानदारास खाणी आणि भट्ट्या यांच्या सान्निध्यात राहण्यातच फायदा असावयाचा. नव्या व्यवस्थेने हा फायदा नाहीसा केला. देशातील सर्व ग्राहकांकडून वाहतुकीची एकच सरासरी रक्कम पोलादाच्या किमतीत धरून वसूल करावयाची, जवळच्या ग्राहकाने भरलेल्या जादा रकमेतून दूरच्या ग्राहकाच्या भाड्याची तूट भरून काढावयाची, आणि परिणामी हावडा असो वा मुंबई, कोणत्याही रेल्वे स्थानकावर तेच पोलाद त्याच भावाने मिळावे, अशी ही योजना होती. हेतू उदात्त होता. उद्योग एकाच कोपऱ्यात एकवटू नयेत, प्रादेशिक विषमता कमी व्हावी, हे ध्येय त्या वर्षीच्या ठरावातच नमूद होते. परंतु ज्या दक्षिण बिहारने, ओरिसाने आणि बंगालने भूगर्भातील संपत्ती राष्ट्राच्या हवाली केली, त्यांना निसर्गाने दिलेली एकमेव सवलत या व्यवस्थेने काढून घेतली. आणि त्याच वेळी पश्चिमेकडील कापसास अशी कोणतीही समानता लागू झाली नाही; मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांचे कापसाशी असलेले सान्निध्य अबाधित राहिले. पूर्वेकडील लोकप्रतिनिधी ही तक्रार वर्षानुवर्षे मांडीत राहिले, आणि आम्ही ती प्रांतिक रडगाणे समजून ऐकली नाही.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत भिलाई, राउरकेला आणि दुर्गापूर येथे पोलादाचे तीन प्रचंड कारखाने सरकारी क्षेत्रात उभे राहिले. त्यांपैकी एकही महाराष्ट्रात नव्हता, तरीही अभियांत्रिकी उद्योगाची राजधानी म्हणून नावारूपास आले ते पुणे आणि पिंपरी-चिंचवड. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने जमीन, पाणी, रस्ते यांची सिद्धता केली; लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर वसविलेल्या किर्लोस्करवाडीपासूनची कारागिरीची परंपरा होती; बंदर जवळ, बाजारपेठ जवळ, सावकारी पेढ्यांपासून बँकांपर्यंत पैसा जवळ. उणीव होती ती पोलादाची, आणि ती राष्ट्राने भाड्याचा भार वाटून घेऊन भरून काढली. पूर्वेचे शेफील्ड म्हणून ख्यात असलेल्या हावड्याच्या लहान कारखानदारास मात्र दाराशी असलेले पोलाद दूरच्या ग्राहकाच्याच दराने घ्यावे लागले.

बिहारच्या दारिद्र्याचे सारे खापर या एका व्यवस्थेवर फोडणे सत्यास धरून होणार नाही. कायमधाऱ्याच्या पद्धतीने तेथील शेती आणि समाजरचना दीडशे वर्षे जखडून ठेविली होती. पुढे राज्यकारभाराची जी दुर्दशा झाली तिची जबाबदारी तेथील राज्यकर्त्यांवरच पडते. आणि बंगालच्या पीछेहाटीत तेथील वीजटंचाई व कामगार-मालक संघर्ष यांचाही वाटा मोठा आहे. उलट पक्षी, मराठी कारखानदाराने आणि मराठी कामगाराने जे श्रम केले ते खरेच होते, आणि त्यांचे श्रेय हिरावून घेण्याचा आमचा हेतू नाही. परंतु स्वतःच्या उत्कर्षाचा इतिहास सांगताना कर्तृत्वाची नोंद जमेस धरावयाची आणि मिळालेल्या साहाय्याची नोंद गाळावयाची, हा हिशेब प्रामाणिक नव्हे. १९९२ साली समानीकरण रद्द झाले. पण छत्तीस वर्षांत पूरक उद्योग, कुशल मनुष्यबळ, तंत्रनिकेतने आणि ग्राहक जेथे स्थिरावले होते तेथून कारखाने परत पूर्वेकडे जाणे शक्य नव्हते, आणि ते गेले नाहीत. माणसेच कारखान्यांमागे आली. त्यांना परके आणि उपरे म्हणून हिणविणाऱ्यांनी हा क्रम एकदा शांतपणे तपासून पाहावा.

हा जुना इतिहास आज उगाळण्याचे कारण असे की, उद्योगधोरण पुन्हा राष्ट्रीय व्यासपीठावर आले आहे. २०२० पासून उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेखाली चौदा क्षेत्रांसाठी सुमारे १.९७ लाख कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. डिसेंबर २०२१ मध्ये अर्धवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटींची. मंजूर अर्धवाहक प्रकल्पाच्या खर्चाचा निम्मा भार केंद्र उचलते, आणि त्यावर जमीन, वीज, करसवलत यांची भर राज्याने घालावयाची. येथेच मर्म आहे. जे राज्य मुळात संपन्न, त्याच्याच खजिन्यात ही भर घालण्याची ऐपत. म्हणजे सर्व देशाच्या करातून उभा राहिलेला केंद्राचा निधी ज्याच्यापाशी आधीच आहे त्याच्याकडेच ओढला जावयाचा. आसामातील जागीरोडला एक प्रकल्प मिळाला हे खरे, पण अशी उदाहरणे थोडी आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत जाणार असे जाहीर झाले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा क्षोभ उसळला! तो क्षोभ आम्हांस न्याय्य वाटला, आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले तरी त्याची न्याय्यता कमी होत नाही. मात्र एका प्रकल्पासाठी आपण जी वेदना भोगली, ती पूर्वेकडील प्रांतांनी तीन तपे भोगली आहे.

या प्रश्नाचा विचार करण्याची सामग्री महाराष्ट्रापाशी आहे, आणि तीही पुण्यातील एकाच संस्थेच्या परंपरेत. केंद्रीय साहाय्य राज्यांस कोणत्या निकषांवर वाटावे याचे १९६९ चे सूत्र नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष धनंजयराव गाडगीळ यांच्या नावाने ओळखले जाते. आणि विदर्भ, मराठवाडा यांच्या मागासलेपणाचा अनुशेष १९८४ साली रुपयांत मोजून दाखविला तो वि. म. दांडेकर यांच्या समितीने. दोघेही गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. राज्याच्या अंतर्गत विभागांसाठी जे मोजमाप आपण मान्य केले, ते राज्याराज्यांमध्ये लावण्यास आपण कचरू नये. नव्या प्रोत्साहन योजनांतील प्रत्येक रुपया कोणत्या राज्यात, कोणत्या अटींवर आणि किती रोजगाराच्या बदल्यात खर्च झाला, याचा हिशेब दरवर्षी संसदेपुढे मांडला जावा, आणि ऐपत नसलेल्या राज्याचा वाटा केंद्राने भरावा, ही मागणी महाराष्ट्राच्या खासदारांनी पुढे होऊन केली पाहिजे. ज्यांना वाहतूक समानीकरणाचा एवढा मोठा लाभ झाला त्यांच्या तोंडी ती अधिक शोभेल आणि अधिक परिणामकारकही होईल. या अंकातील परिसंवादात या मताचे विरोधकही आहेत. वाचकांनी दोन्ही बाजू वाचून आपापल्या मतदारसंघातील प्रतिनिधीस याविषयी लिहावे, अशी आमची विनंती आहे.