अंदमानला निघताना

मैत्रिणींनो, मुलांच्या नाताळच्या सुट्टीत अंदमानचा बेत आहे ना? मग आधी बोटींचा हिशेब मांडा, कपड्यांचा नंतर. विमान उतरतं पोर्ट ब्लेअरला. २०२४ पासून त्याचं नाव श्रीविजयपुरम. हॅवलॉक आणि नील, म्हणजे २०१८ पासूनची स्वराज द्वीप व शहीद द्वीप, इथं मात्र बोटीनं जायचं. समुद्र खवळला की बोट रद्द! आमचं परतीचं विमान असंच हुकलं आणि नव्या तिकिटांपायी वर्षभर बाजूला टाकलेले पैसे गेले. म्हणून सांगते, शेवटची रात्र श्रीविजयपुरमलाच काढा. सेल्युलर जेल त्या दिवशी निवांत पाहून होईल.

बोट लागत असेल, तर डॉक्टरांना विचारून गोळी बरोबर घ्या. ती निघण्यापूर्वीच घ्यायची असते. हिवाळ्यात तिथं पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, तेव्हा स्वराज द्वीपावरच्या राधानगर किनाऱ्यावर दुपारीच पोचा. मुलांना प्रवाळ खिशात घालू देऊ नका, कायद्यानं मनाई आहे.

आणि हो, पाण्यात तुम्हीही उतरा बरं का! सगळ्यांच्या चपला सांभाळत काठावर बसायला का एवढ्या लांब गेलात?