जुन्या गाडीचा गुन्हा काय?

वीस वर्षांपेक्षा अधिक वयाच्या मोटारीची नोंदणी पुढे चालू ठेवायची असेल, तर मालकाने दहा हजार रुपये मोजावेत, असा हुकूम केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये काढला. हेच काम मार्च २०२२ पर्यंत सहाशे रुपयांत होत होते. एप्रिल २०२२ पासून त्याचे पाच हजार झाले, आणि वीस वर्षांवरील गाड्यांच्या बाबतीत त्याचीही पुढे दुप्पट झाली. ज्या गाडीला बाजारात तीस-चाळीस हजारांच्या वर कोणी किंमत देत नाही, तिने केवळ 'मी अजून आहे' एवढे सांगण्यासाठी दर पाच वर्षांनी दहा हजारांचा नजराणा सरकारच्या पायाशी ठेवावा, असा हा न्याय आहे! महागाई आणि बेकारी यांसारखे धगधगते प्रश्न समोर असताना पहिल्या पानावर जुन्या मोटारींची वकिली कशासाठी, असे काही वाचक विचारतील. आमचे उत्तर असे, की हा प्रश्न मोटारींचा नाहीच. बेताच्या मिळकतीच्या माणसाने आपल्या ऐपतीतला एक निर्मळ आनंद जपावा की न जपावा, आणि धडधाकट वस्तू केवळ तिच्या जन्मतारखेवरून निकालात काढावी की काय, असा हा प्रश्न आहे.

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर भवानीनगर लागते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला हा मुलूख. श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचे हे गाव. गळिताच्या हंगामात उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग या रस्त्यावरून हलत असते आणि त्या रांगेतून वाट काढीत एखादी गोल पाठीची प्रीमियर पद्मिनी, एखादी मारुती ८०० किंवा ताडपत्री बदलून बदलून टिकवलेली एखादी जीप पुढे सरकताना दिसते. अशा गाडीत कोणी संस्थानिक बसलेला नसतो. शाळामास्तर, कारखान्यातला निवृत्त फिटर, चार-पाच एकर उसाचा धनी, अशीच मंडळी तिच्या चाकामागे असतात. नवी मोटार परवडत नाही म्हणून यांतील काहींनी जुनी घेतली, हे खरे. परंतु नवी परवडू लागल्यावरही ज्यांनी जुनी सोडली नाही, त्यांचे मन सरकारी परिपत्रकांना कळलेले नाही.

नियतीचा खेळ असा, की हिंदी मोटारीच्या जन्मकथेशी या इंदापूर तालुक्याचे नाते फार जवळचे आहे. याच तालुक्यातील ओसाड माळावर शेठ वालचंद हिराचंद यांनी ऊस पिकवला, साखर कारखाना काढला आणि वालचंदनगर ही वसाहत वसवली. विमाने, जहाजे आणि मोटारी या तिन्ही गोष्टी हिंदुस्थानात व्हाव्यात, असा ध्यास घेतलेल्या या उद्योगपुरुषाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा राहिला आणि १९४७ साली त्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. वालचंद १९५३ साली निवर्तले. पुढे इटलीतील फियाटच्या सहकार्याने याच कारखान्यात ती 'फियाट' घडली, जिने महाराष्ट्रातील मध्यमवर्गाला मोटारीत बसवले. १९६४ नंतरची तिची आवृत्ती सत्तरच्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, आणि पुढच्या सलग बाकावर ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीने बसलेली दोन माणसे! परवान्यांच्या राज्यात या गाडीसाठी लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावून वाट पाहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरताच ३० ऑक्टोबर २०२३ रोजी त्या टॅक्सींचे पर्व संपले. त्या दिवशी हळहळलेल्या मुंबईकरांत ती टॅक्सी स्वतःच्या मालकीची असणारे कितीसे होते? लोक लोखंडासाठी हळहळले नाहीत. आपल्या आयुष्याचा एक भाग रस्त्यावरून नाहीसा झाला, म्हणून हळहळले.

जुनी गाडी बाळगण्यातला आनंद कशात आहे, हे ज्याने ती बाळगली नाही त्याला सांगणे कठीण. हिवाळ्याच्या सकाळी चोक ओढून, सेल्फच्या कुरकुरीकडे कान लावून, इंजिन एकदाचे धडधडू लागले की मालकाच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटते ते नव्या गाडीची कळ दाबून मिळत नाही. दिवे घाट चढताना पाणी तापले तर बॉनेट उघडून पंधरा मिनिटे थांबावे लागते. या थांबण्यातच वाटेवरचा माणूस विचारपूस करतो, दुसरा एखादा जुना गाडीवाला आपणहून गाडी बाजूला घेतो आणि दोन अनोळखी माणसांची घटकाभरात मैत्री जुळते. रविवारी सकाळी चहाच्या टपरीपाशी अशा चार-सहा गाड्या एकत्र जमल्या, की तेथे जात, पगार, हुद्दा यांची चौकशी कोणी करीत नाही. कार्ब्युरेटर कोणी साफ केला, पॉइंट कोणी घासले, पुण्याच्या नाना पेठेत न मिळालेला भाग जुन्या बाजारात कोणाला गवसला, एवढाच तेथे मोठेपणाचा निकष. प्रोफेसर तेथे मिस्तरीचा शागीर्द होतो आणि मिस्तरीला 'उस्ताद' म्हणताना त्याला कमीपणा वाटत नाही. ज्या समाजात हाताने काम करणाऱ्याला पंगतीत शेवटचे पान मिळत आले, त्या समाजात ही गोष्ट लहान नव्हे.

आणि हा शोक स्वस्त आहे, हेच त्याचे खरे वैभव. कोट्यवधींच्या मोटारी संग्रही ठेवणाऱ्या धनिकांची चिंता कोणी करावयाला नको. त्यांची सोय कायद्यानेच केलेली आहे. जुलै २०२१ मध्ये सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांसाठी खास 'विंटेज' नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला वीस हजार, मुदत दहा वर्षांची, आणि पुढच्या नोंदणीला पाच हजार रुपये. आता वाचकांनीच त्रैराशिक मांडावे. लाखमोलाच्या विंटेज मोटारीला पुनर्नोंदणीनंतर वर्षाला पाचशे रुपये पडतात. भवानीनगरच्या मास्तरांच्या पंचवीस वर्षांच्या मारुतीला वर्षाला दोन हजार! विंटेज गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु मूळ विसंगती त्याहून खोल आहे. पन्नाशी गाठायची, तर गाडीला आधी तिशी आणि चाळिशी ओलांडावी लागते. पंधरा वर्षांपासून पंचेचाळीस वर्षांपर्यंत दर पाच वर्षांनी एक, अशा सात नोंदण्या होतात. २०२५ च्या दराने हा आकडा पासष्ट हजारांवर जातो. राज्याचा पर्यावरण कर आणि तपासणीचे हेलपाटे निराळेच. म्हणजे वारसा म्हणून पन्नासाव्या वर्षी जिचा सत्कार करायचा, तिला विसाव्या वर्षीच उपाशी मारण्याची ही व्यवस्था! यातून तगेल ती श्रीमंताचीच गाडी, आणि उद्याच्या संग्रहालयात सामान्य माणसाची मोटार औषधालाही सापडणार नाही.

दुसरे संकट पेट्रोलच्या टाकीतून आले आहे, आणि ते भवानीनगरला अधिकच चमत्कारिक पेचात टाकणारे आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने मूळच्या २०३० या मुदतीच्या बऱ्याच आधी, २०२५ मध्येच गाठले. हे इथेनॉल पुष्कळसे उसातून आणि मळीतून येते. साखरेचे भाव पडले तरी आसवनीतून कारखान्याच्या हाती रोकड येते आणि उसाचे पैसे वेळेवर देणे सोपे होते. हे शेतकऱ्याच्या हिताचे आहे. परदेशी तेलावरचा खर्च वाचतो, हे देशाच्याही हिताचे आहे. इथेनॉलला आमचा विरोध नाही. नीरेच्या काठी ऊस पिकतो तोवर असा विरोध करणे हा कृतघ्नपणा होईल. परंतु सत्य लपवून धोरण यशस्वी होत नाही. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. म्हणून जुन्या गाडीचे ॲव्हरेज घटते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. म्हणून आठवडेच्या आठवडे उभ्या असणाऱ्या गाडीच्या टाकीत पाणी साचण्याचा आणि पत्रा गंजण्याचा धोका वाढतो. जुन्या घडणीच्या रबरी नळ्या, गॅस्केटे आणि पंपाचे पडदे त्याने लवकर खराब होतात. जुन्या गाड्यांतील काही रबरी भाग वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असे खुद्द पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. ग्राहकाला इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय द्यावा, अशी मागणी करणारी याचिका १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. न्यायालयाचा निर्णय शिरसावंद्य. परंतु न्यायालयाने जे दिले नाही ते सरकारने शहाणपणाने देऊ नये, असे कोणी म्हटलेले नाही. ज्या शेतकऱ्याच्या उसाने देशाची टाकी भरली, त्याच्याच दारातल्या पद्मिनीची नळी त्याच उसाच्या रसाने कुरतडली जावी आणि त्याने ब्रही काढू नये, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणेही प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. जुनी गाडी धूर अधिक ओकते. कार्ब्युरेटरच्या काळातील इंजिनांना धूर शुद्ध करणारी यंत्रणा नव्हती. आणि शहरातील मुलांच्या फुप्फुसांपेक्षा कोणाचाही शोक मोठा नाही. जुन्या गाडीत अपघातापासून संरक्षण कमी, हेही खरे. बेवारस सांगाडे वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला सडत ठेवून 'जतन' या शब्दाची विटंबना करणारे मालकही आहेत. त्यांची कीव करण्याचे कारण नाही. परंतु यावरून निष्कर्ष काय निघतो? तपासणी कडक करा, असा निघतो. जन्मतारीख पाहून फाशी द्या, असा निघत नाही! महिन्याला शे-दोनशे किलोमीटर फिरणारी, वेळच्या वेळी ट्यून केलेली गाडी आणि रोज दोनशे किलोमीटर धूर सोडीत धावणारी हयगयीतली गाडी यांना केवळ वय सारखे म्हणून एकाच मापाने मोजणे, हे शास्त्र नव्हे. दिल्लीत १ जुलै २०२५ पासून मुदत संपलेल्या गाड्यांना पंपावर इंधन देऊ नये, असा हुकूम अमलात आणला गेला आणि लोकांची नाराजी पाहून काही दिवसांतच तो आवरता घ्यावा लागला. वयाचा दाखला हा प्रदूषणाचा दाखला नव्हे, हे लोकांना कळत होते. कळले नाही ते हुकूम काढणाऱ्यांना. शिवाय जुनी मोडून नवी घडवायची, तर पोलाद, काच, रबर आणि वीज लागतेच. त्या धुराचा हिशेब कोणत्या खात्यात मांडायचा?

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. वीस ते पन्नास वर्षे या दरम्यानच्या खासगी गाड्यांसाठी 'जतन' असा एक स्वतंत्र वर्ग करावा. वर्षाला ठराविक किलोमीटरची मर्यादा, दरवर्षी धुराची आणि ब्रेकची काटेकोर तपासणी, आणि त्या बदल्यात माफक शुल्क, असा सौदा ठेवावा. जो तपासणीत नापास होईल त्याची गाडी खुशाल मोडीत जावो. दुसरे, जिल्ह्याच्या व मोठ्या तालुक्यांच्या गावी निदान एका पंपावर कमी मिश्रणाचे पेट्रोल मिळावे. त्याला चार पैसे अधिक पडले तर शोकीन माणूस ते आनंदाने देईल. तिसरे, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून जुन्या इंजिनांचे काम शिकवण्याची सोय असावी. कानाने इंजिनाचे दुखणे ओळखणारे मिस्तरी आता म्हातारे होत चालले आहेत; त्यांच्याबरोबर ही विद्या गेली, तर पैसे ओतूनही ती परत येणार नाही.

गाडीमालकांनाही आम्ही चार शब्द सुनावणे अवश्य समजतो. हक्काची भाषा बोलणाऱ्याने कर्तव्यात कसूर करू नये. धूर सोडणारी गाडी घेऊन मेळाव्याला मिरवू नका, इंधनाच्या नळ्या आणि गॅस्केटे वेळीच बदला, पी. यू. सी. चा कागद ओळखीने नव्हे, तपासणीने मिळवा. आणि आपल्या गटात नव्या मुलांना शिरू द्या, त्यांच्या हाती पाना द्या. जुन्या गाडीचा खरा वारस तिचा खरेदीदार नसतो. ती दुरुस्त करायला शिकलेला पोरगा असतो.

टाकाऊ काय आणि टिकाऊ काय, हे ठरवण्याचा अधिकार केवळ दिनदर्शिकेकडे सोपवला, तर उद्या ती कुऱ्हाड केवळ मोटारींवर थांबेल याची हमी कोण देणार? जुने घर, जुने झाड, जुना कारागीर, सगळेच तिच्या टप्प्यात येतात. इंदापूरच्या माळावरून ज्या माणसाने देशाला मोटार दिली, त्याच तालुक्यातील सामान्य माणसाने ती जपली. सरकारने तिचे कौतुक करावे, अशी आमची मागणी नाही. तिची परीक्षा घ्यावी, आणि ती उत्तीर्ण झाली तर तिला सुखाने चालू द्यावे, एवढेच आमचे मागणे आहे.