वैनगंगेच्या कांठावरून : बंदराची राखण

मुंबईपासून लोहमार्गानें सुमारें ९०० किलोमीटर दूर, वैनगंगेच्या कांठीं बसून आम्ही या महिन्यांत बंदराविषयीं लिहिण्यास प्रवृत्त झालों आहों, हें पाहून आमच्या नित्याच्या वाचकांस थोडें नवल वाटेल. ज्या गांवांत मोठें पाणी म्हणजे खांबतलाव आणि पुराच्या दिवसांतील नदी, तेथील निवृत्त शिक्षकास गोदी, नांगर आणि भरती-ओहोटी यांच्याशीं काय कर्तव्य? परंतु प्रसंगच तसा घडला. तो प्रथम निवेदन करणें बरें.

आमचे एक जुने स्नेही आहेत. घर मोठें, एकत्र कुटुंबाचें. त्यांचा धाकटा मुलगा आमच्याच हाताखालीं शिकला व पश्चिम किनाऱ्यावरील एका बंदरांत सरकारी नोकरीस लागला. दिवाळींत तो घरीं आला असतां फराळाच्या वेळीं वडिलांनीं आमच्या देखतच त्याला विचारलें, "तूं सैनिक नाहींस, पोलीस नाहींस, जहाजावरही तुझें काम नाहीं, मग बंदराच्या सुरक्षेचें तूं करतोस तरी काय?" मुलगा म्हणाला, "बाबा, मी योजना तयार करतों." वडील हंसले. "म्हणजे कारकुनीच म्हणावयाची!" मुलानें मान खालीं घातली, आणि बोलणें दुसऱ्या विषयाकडे वळलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो आमच्याकडे आला व बराच वेळ गप्प बसून म्हणाला, "गुरुजी, गेल्या सहा वर्षांत आमच्या बंदरांत कांहींच घडलें नाहीं. हेंच माझें काम. पण घरीं तें सांगावें कसें?" त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. विद्यार्थ्याच्या प्रश्नास उत्तर न देतां आल्याची रुखरुख शिक्षकास निवृत्तीनंतरही सोडीत नाहीं. म्हणून आम्हीं थोडें वाचन केलें, त्यालाही पुष्कळ विचारलें, आणि जें समजलें तें येथें मांडीत आहों.

प्रश्नाचें उत्तर, आमच्या मतें, १४ एप्रिल १९४४ या दिवशीं मुंबईनें फार मोठी किंमत देऊन मिळविलेलें आहे. महायुद्धाचे दिवस होते. 'फोर्ट स्टिकीन' नांवाचें मालवाहू जहाज इंग्लंडहून निघून कराचीमार्गें १२ एप्रिल रोजीं मुंबईस आलें व व्हिक्टोरिया गोदींत लागलें. त्याच्या पोटांत सुमारें १,४०० टन दारूगोळा व स्फोटक द्रव्यें होतीं. सोन्याच्या विटा होत्या. शिवाय कराचीस भरलेले कापसाचे हजारों गठ्ठे, लांकूड, तेल असा नाना प्रकारचा माल होता. दारूगोळा आणि कापूस एकाच जहाजांत! शांततेच्या काळीं असें जहाज गोदीबाहेर उभें करून त्यावरील दारूगोळा लहान होड्यांत उतरविण्याची आणि त्यावर तांबडें निशाण चढविण्याची रीत होती. युद्धाच्या घाईंत व शत्रूच्या भयानें दोन्ही गोष्टी बाजूस राहिल्या.

१४ तारखेस दुपारीं कापसांतून धूर निघूं लागला. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. त्या वेळीं धक्क्यावर जाणत्या माणसांची वाण नव्हती. जहाजाचा कप्तान होता, अग्निशमन दलाचा प्रमुख होता, गोदीचा व्यवस्थापक होता, दारूगोळ्याची माहिती असलेला लष्करी अधिकारीही होता. जहाज ओढून खुल्या समुद्रांत न्यावें, कीं जागच्या जागीं बुडवावें, कीं पाणी ओतून आग आटोक्यांत आणावी, याविषयीं मतें मांडलीं गेलीं. प्रत्येकजण आपल्या परीनें शहाणा होता. परंतु सर्वांच्या वतीनें 'असें करा' हा एक शब्द उच्चारण्याचा अधिकार त्यांपैकीं कोणाचा, हें आधीं ठरलेलें नव्हतें. विचार करण्यांतच दोन तास गेले. ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट झाला आणि सुमारें अर्ध्या तासानें दुसरा. त्याचा हादरा दूर सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रानें टिपला. आग विझविण्यासाठीं गेलेले ६६ जवान प्राणांस मुकले. एकंदर मृतांची संख्या ८०० ते १,३०० च्या दरम्यान सांगतात. जहाजावरील सोन्याच्या विटा गाळ उपसतांना पुढें अनेक वर्षें सांपडत राहिल्या. १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

चौकशी झाली, घातपात नव्हे, अपघातच ठरला. त्या दिवशीं मुंबईस शौर्य कमी पडलें असें कोण म्हणेल? पाणीही कमी पडलें नाहीं. कमी पडला तो आधीं विचार करून लिहून ठेवलेला एक कागद : कोणता माल कोणत्या मालाशेजारीं ठेवूं नये, कोणतें जहाज कोठें लावावें, आणि संकट उभें राहिल्यास अखेरचा शब्द कोणाचा. आमच्या स्नेह्यांनीं ज्याला कारकुनी म्हटलें, ती हा कागद तयार करण्याची विद्या होय.

ही कल्पना केवळ पश्चिमेची आहे असेंही नाहीं. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेलें कौटिल्याचें अर्थशास्त्र ज्यांनीं चाळलें असेल, त्यांस दुसऱ्या अधिकरणांतील 'नावध्यक्ष' आठवेल. हल्लेखोर नौकांचा नाश करावा. शस्त्र, विष किंवा आग लावण्याचें साहित्य लपवून नेणारा, तसाच परवान्याच्या मुद्रेवांचून प्रवास करणारा मनुष्य अडवून ठेवावा, असें तेथें सांगितलें आहे. परंतु त्याच प्रकरणांत वादळानें पिडलेल्या नौकेस वडिलकीच्या मायेनें वागवावें, आणि पाण्यानें भिजलेल्या मालावर जकात माफ करावी किंवा निम्मी घ्यावी, असेंही आहे. रक्षण आणि आतिथ्य हीं दोन्ही एकाच दारांतून चालावयाचीं, हा बंदराचा धर्म त्या काळींही ओळखलेला होता.

आधुनिक काळांत या धर्माची संहिता झाली ती ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेवरील हल्ल्यानंतर. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनें डिसेंबर २००२ मध्यें ती लंडन येथें संमत केली व १ जुलै २००४ पासून ती अमलांत आली. तिच्या अन्वयें परदेशीं जाणारीं-येणारीं जहाजें ज्या धक्क्यास लागतात, त्याच्या उणिवांची प्रथम पाहणी करावयाची, मग योजना लिहावयाची, ती सरकारकडून संमत करून घ्यावयाची, आणि तिच्याबद्दल जबाबदार असा एक अधिकारी नेमावयाचा. दर तीन महिन्यांनीं लहान तालीम व वर्षांतून एकदां मोठी तालीम घेणें आवश्यक आहे. सावधतेच्या पायऱ्याही तीन ठेविल्या आहेत. आपल्या घराच्याच उदाहरणानें सांगावयाचें तर, रोज रात्रीं कडी लावणें ही पहिली. आळींत चोर फिरतात असें कानीं आल्यावर ओसरीवर कोणीतरी निजणें ही दुसरी. आणि परसांत पावलें वाजल्यावर सारें घर जागें होणें ही तिसरी. कोणती पायरी केव्हां चढावयाची व केव्हां उतरावयाची हें ठरविलेलें असलें म्हणजे घाबरगुंडी होत नाहीं आणि गाफीलपणाही राहत नाहीं.

यांत अवघड काय, असें कोणी म्हणेल. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरच घ्या. १९८९ सालीं सुरू झालेल्या या बंदरांत २०२४-२५ या वर्षांत, २० फुटी मापानें मोजतां, ७० लाखांहून अधिक कंटेनरांची ने-आण झाली. प्रत्येक पेटी उघडून पाहूं म्हटलें तर देशाचा व्यापार ठप्प होईल. एकही न पाहतां सोडूं म्हटलें तर त्या दिवसाची वाट पाहणारे पुष्कळ आहेत. तेव्हां कागदपत्रांवरून संशयित पेट्या निवडणें, त्या क्ष-किरणांच्या यंत्राखालून नेणें, आणि कस्टम्स, पोलीस, तटरक्षक दल, अग्निशमन दल व जहाज-कंपन्या यांच्यांत कोण कोणास केव्हां कळवील हें ठरवून देणें, हें सारें कोणीतरी शांत डोक्यानें आखावें लागतें.

हें काम गणवेशधाऱ्यांनींच कां करूं नये, हाही प्रश्न आम्हीं विचारला. गणवेशांतील अधिकारी कांहीं वर्षांनीं बदलून जातो, आणि त्याच्याबरोबर त्याची स्मृतीही जाते. अमेरिकेंत २००२ च्या कायद्यानंतर तटरक्षक दलानें बंदरोबंदरीं अशा योजनांसाठीं मुलकी माणसेंही नेमिलीं, त्यांचा मोठा उपयोग हाच. आपल्याकडे राजवटी बदलल्या, पण कुळकर्ण्याचें दफ्तर गांवांत राहिलें, म्हणून कोणाचा बांध कोठें हें सांगतां येत असे. बंदराचा मुलकी योजक हा त्या बंदराचें दफ्तर होय.

तथापि कागद म्हणजे रक्षण नव्हे, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. १९९३ सालीं कोंकणच्या किनाऱ्यावर दिघी व शेखाडी येथें स्फोटकें उतरलीं, तीं पहारा नव्हता म्हणून नव्हे; पहाऱ्यावरील कांहीं माणसें विकलीं गेलीं होतीं म्हणून. त्या वर्षीं १२ मार्चला मुंबईंत २५७ लोक मरण पावले, आणि लांच घेणाऱ्या अधिकाऱ्यांस पुढें न्यायालयानें शिक्षा दिल्या. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं दहा हल्लेखोर 'कुबेर' नांवाची मासेमारी नौका बळकावून आले व कुलाब्याच्या कोळी वस्तीपाशीं उतरले; १६६ जीव गेले. उतरतांना ते तेथील लोकांच्या नजरेस पडले होते, परंतु पाहिलेलें योग्य ठिकाणीं वेळेवर पोंचलें नाहीं. त्यानंतर, २००९ सालीं, समुद्री सुरक्षेची एकंदर जबाबदारी कोणाची हें निश्चित होऊन ती नौदलाकडे सोंपविण्यांत आली. बैरूत येथें तर ४ ऑगस्ट २०२० रोजीं शत्रूही नव्हता. २,७५० टन अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षें गोदामांत पडून होतें, त्याविषयीं पत्रेंही लिहिलीं गेलीं होतीं. निर्णय मात्र कोणीच केला नाहीं, आणि दोनशेंहून अधिक माणसें गेलीं. ही बातमी येतांच चेन्नईजवळ जप्त करून ठेवलेला सुमारें ७०० टन तसाच साठा तांतडीनें हलविण्यांत आला. दुसऱ्याच्या घरची आग पाहून आपली विहीर खणली, हें कांहीं कमी नव्हे. डिसेंबर २०२५ मध्यें आपल्या केंद्र सरकारनें बंदरांच्या सुरक्षेसाठीं स्वतंत्र संस्था उभारण्याचें जाहीर केलें, तें याच मार्गावरचें पाऊल आहे.

हें सारें दूरच्या समुद्राचें झालें, असें मात्र भंडाऱ्याच्या माणसानें म्हणूं नये. ९ जानेवारी २०२१ च्या उत्तररात्रीं आमच्या जिल्हा रुग्णालयांतील नवजात बालकांच्या विभागांत आग लागली. सात बालकें बाहेर काढतां आलीं, दहा गेलीं. २४ जानेवारी २०२५ रोजीं जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यांत स्फोट होऊन आठ कामगार मृत्युमुखीं पडले. त्यांचा निवाडा करण्याचा अधिकार आमचा नव्हे, आणि ज्या घरांतील पाळणे रिते झाले त्यांच्यापुढें शब्दही थिटे पडतात. परंतु त्या दोन्ही दिवशीं गांवानें एकच प्रश्न विचारला होता : आधीं कोणी विचार केला होता काय? आमचा विद्यार्थी ज्या कामाचा पगार घेतो, तें काम म्हणजे हा प्रश्न घटना घडण्यापूर्वीं विचारणें.

हा मजकूर छापावयास देण्यापूर्वीं आम्हीं तो स्नेह्यांच्या घरीं वाचून दाखविला. ते कांहीं बोलले नाहींत. ऐकतां ऐकतां त्यांनीं चष्मा काढून पुसला, एवढेंच. रात्रीं मुलाचा फोन आला, तेव्हां नेहमीं सुनेकडे फोन देऊन मोकळे होणारे हे गृहस्थ स्वतः बोलूं लागले. त्यांनीं पहिलाच प्रश्न केला, "कायरे, तुमच्याकडे अशा वेळीं अखेरचा शब्द कोणाचा असतो?" मुलगा अर्धा तास सांगत होता, असें वहिनींनीं आम्हांस कळविलें.

आतां वाचकांस एक विनंती. एकत्र कुटुंबांत पंधरा माणसें असतात, आणि पंधराही शहाणीं असतात; व्हिक्टोरिया गोदीच्या धक्क्यावरही तसेंच होतें. तेव्हां या महिन्यांत एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर सर्वांनीं मिळून चार गोष्टी ठरवाव्या. घरांत आग लागली तर गॅस व विजेची कळ कोण बंद करील. अंथरुणास खिळलेल्या आजीस कोण उचलील. मागल्या दाराची किल्ली कोठें टांगलेली असेल. आणि 'बाहेर पडा' हा शब्द कोणाचा. ज्याचा शब्द ठरेल तो वयानें सर्वांत वडीलच असावा असें नाहीं; ज्याचें डोकें शांत राहतें तो असावा. ठरलेलें एका कागदावर लिहून देवघराच्या दारामागें चिकटवावें, आणि वर्षांतून एकदां तालीम करावी. मुलें हंसतील, हंसूं द्यावें. त्यांना तें पाठ होईल.

ईश्वरकृपेनें त्या कागदाचा कधींच उपयोग होऊं नये. तसें झालें, तर तो व्यर्थ लिहिला असें मात्र कोणी समजूं नये.